प्रगतिपुस्तक कोणासाठीं?

दरसाल १ मे रोजीं महाराष्ट्रांतील बहुतेक प्राथमिक शाळांत झेंडावंदन झालें, म्हणजे मुलांच्या हातीं प्रगतिपुस्तकें पडतात. मूल धांवत घरीं येतें. आजी विचारते, 'पास कीं नापास?', बाप पुस्तक उघडून शेवटचा एक शब्द पाहतो, दाखविलेल्या जागीं सही करतो, आणि तें पुस्तक पेटींत जातें. दुसऱ्या दिवसापासून शाळेस कुलूप असतें. राज्याच्या बहुतेक भागांत तें जूनच्या मध्यापर्यंत, आणि विदर्भांत उन्हाच्या तडाख्यामुळें त्याहूनही कांहीं दिवस पुढें, निघत नाहीं. मुलाचें कोठें अडतें आहे हें ज्या कागदानें घराला सांगावयाचें, तो कागद, त्याविषयीं ज्याला विचारावें असा मनुष्य जागेवर नसतो, नेमक्या त्याच वेळीं घरीं पोंचतो.

महाराष्ट्रदिनीं निकाल देण्याच्या प्रथेविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमची तक्रार अशी आहे कीं, पुष्कळ घरांत शाळेकडून वर्षभरांत आलेला तो पहिला आणि शेवटचा अर्थपूर्ण निरोप असतो. आणि तोही अर्थपूर्ण असतोच असें नाहीं.

ही शाळेंतली किरकोळ बाब आहे, तिच्यासाठीं एवढे रकाने कां भरावे, असें कोणी म्हणेल. कांहीं वर्षांपूर्वीं या म्हणण्यांत थोडेंफार तथ्य होतें. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, तेव्हां त्याच्या सोळाव्या कलमान्वयें आठवीपर्यंत कोणाही मुलास त्याच वर्गांत मागें ठेवतां येत नव्हतें. कागदावर काय लिहिलें आहे हें घरानें पाहिलें काय आणि न पाहिलें काय, मूल पुढच्या वर्गांत जाऊन बसतच होतें. परंतु २०१९ सालीं संसदेनें तें कलम बदललें. त्यास अनुसरून महाराष्ट्र सरकारनें २०२३ मध्यें आपले नियम सुधारले, आणि २०२३-२४ पासून पांचवी व आठवी या इयत्तांस वार्षिक परीक्षा लागू झाली. या परीक्षेंत जें मूल उतरणार नाहीं त्यास जादा शिकवणी द्यावयाची, निकालापासून दोन महिन्यांच्या आंत पुन्हा परीक्षेस बसवावयाचें, आणि तेव्हांही तें उतरलें नाहीं तर त्याच इयत्तेंत ठेवावयाचें, अशी ही योजना आहे.

आतां वाचकांनीं कायदा एका हातांत व पंचांग दुसऱ्या हातांत घेऊन पाहावें. निकाल १ मे रोजीं लागला तर त्यापुढील दोन महिन्यांपैकीं बहुतेक दिवस सुट्टीचे. जादा शिकवणी कोणी द्यावयाची? गुरुजी आपल्या गांवीं गेलेले. मूल मामाच्या गांवीं, नाहीं तर शेतावर. आणि घरच्यांस एवढेंच ठाऊक कीं, मूल 'राहिलें'. कशांत राहिलें, वाचनांत कीं भागाकारांत, जोडाक्षरांत कीं हातच्याच्या वजाबाकींत, हें सांगणारा कोणी नाहीं.

मुलांस मागें ठेवणें हितावह कीं अहितावह, या वादांत आज आम्ही शिरत नाहीं. दोन्ही पक्षांस विचारी माणसें आहेत. पण ज्यांचे दिवस वकिलींत गेले आहेत त्यांस एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. समन्सावांचून हुकूमनामा होत नाहीं. झालाच तर वरच्या कोर्टांत टिकत नाहीं. शंभर रुपयांच्या दाव्यांतही प्रतिवादीस आपणांवर काय मागणें आहे हें आधीं कळवावें लागतें. मग दहा वर्षांच्या मुलाचें एक अख्खें वर्ष ज्या निकालानें जावयाचें, त्याची आगाऊ सूचना त्याच्या आईबापांस मिळूं नये काय? ज्या घरीं चार वर्षें 'प्रगति समाधानकारक' असा शेरा येत गेला व पांचव्या वर्षीं एकाएकीं 'अपात्र' असा आला, त्या घराला समन्स व हुकूमनामा एकाच दिवशीं मिळाले असें म्हणावें लागेल.

असें होऊं नये याची तरतूद कायद्यांतच आहे, आणि ती फार थोड्यांच्या वाचनांत आली आहे. या कायद्याच्या चोविसाव्या कलमांत शिक्षकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. वेळेवर येणें, अभ्यासक्रम पुरा करणें, हीं तर त्यांत आहेतच. त्यांच्याच पंक्तीस आणखी एक आहे: आईबापांच्या व पालकांच्या नियमित सभा घ्यावयाच्या, आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची शक्ति, शिक्षणांत झालेली त्याची प्रगति व त्याच्यासंबंधीं दुसरी कांहीं महत्त्वाची माहिती असेल तर ती त्यांस सांगावयाची. वाचकांनीं येथें बारकाईनें पाहावें. या पोटकलमांत छापील पुस्तकाचें नांव नाहीं, श्रेणीचें नाहीं, सहीच्या रकान्याचें नाहीं. समोरासमोर बसून सांगणें, हाच कायद्यानें घालून दिलेला मार्ग आहे. ज्या देशांत कोट्यवधि आया आजही अडखळत वाचतात किंवा वाचीतच नाहींत, तेथें याहून शहाणपणाचा मार्ग कोणता असूं शकतो?

पण आमच्या शिक्षणखात्याचा कल पडला कागदाकडे. महाराष्ट्रांत २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानें 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' सुरू झालें. वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर मुलाचें भवितव्य टांगून ठेवूं नये, तें रोज वर्गांत काय करतें हें पाहावें, हा त्यामागील विचार सर्वथा स्तुत्य होता, आणि आजही आहे. मूल्यमापनाचे आकारिक व संकलित असे दोन भाग झाले, गुणांच्या जागीं श्रेणी आल्या. अ-१ पासून इ-२ पर्यंत त्यांच्या नऊ पायऱ्या. शेंकडा ५१ ते ६० गुण असले म्हणजे क-१, ६१ ते ७० असले म्हणजे ब-२. आतां, ज्या मुलाच्या गणितापुढें क-१ लिहिलें आहे त्याच्या आईनें त्यावरून काय समजावें? तिच्या मुलास वाण्याकडून पांचशेंच्या नोटेची मोड मोजून आणतां येईल कीं नाहीं, हें त्या दोन अक्षरांत कोठें आहे?

आमच्या व्यापारी वाचकांस हें आम्हांपेक्षां लौकर पटेल. दिवाळीस वहीपूजनाच्या दिवशीं मुनिमानें खतावणी पुढें न ठेवतां नुसती एक चिठी ठेवली आणि तिजवर 'दुकानाची स्थिति ब-२, व्यवहारांत आवड दिसते' असें लिहिलें, तर शेटजी त्यास क्षणभर तरी पेढीवर बसूं देतील काय? कोणाकडून किती येणें, कोणास किती देणें, कोणती उधारी बुडीत निघाली, हें ते विचारतील. आणि दिवाळीची वाट न पाहतां, रोजकीर्द रोज पाहतील. हा चोखंदळपणा पेढीच्या बाबतींत अंगवळणी पडलेले गृहस्थ मुलाच्या प्रगतिपुस्तकावर न वाचतां सही करतात, हें आम्हांस खरोखर नवल वाटतें.

श्रेणींच्या जोडीला 'वर्णनात्मक नोंदी' आहेत. प्रत्येक मुलाविषयीं गुरुजींनीं आपल्या शब्दांत लिहावें: विशेष प्रगति कशांत, आवड कशाची, सुधारणा कोठें हवी. हे रकाने ज्यांनीं आंखले त्यांच्या मनांत प्रत्येक मुलाचें वेगळेंपण होतें, यांत शंका नाहीं. प्रत्यक्षांत काय झालें? अशा नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. आधीं छापील, मग भ्रमणध्वनीवरून या हातांतून त्या हातांत. 'शालेय शिस्त आत्मसात करतो', 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो', 'सुंदर हस्ताक्षराचा प्रयत्न करावा' अशा वाक्यांच्या मालिका तयार असतात. त्यांतून चार उचलावीं, आणि पुढच्या मुलासाठीं दुसरीं चार. चाळीस मुलांच्या चाळीस पुस्तकांत तींच वाक्यें आलटून पालटून आलीं, म्हणजे तीं एकाही मुलाविषयीं कांहीं सांगत नाहींत. हें सर्व शाळांस लागू आहे असें आम्ही म्हणत नाहीं. एकेका मुलाविषयीं मन लावून लिहिणारे शिक्षक व शिक्षिका जिल्हा परिषदेच्या आडगांवच्या शाळांतही आहेत, आणि त्यांचें ऋण मोठें आहे. पण प्रघात काय आहे तें सांगितलेंच पाहिजे.

याबद्दल शिक्षकवर्गास शिव्या देण्याची जी सोपी रीत पडली आहे, तींत सामील होण्याचें मात्र आम्हीं नाकारतों. द्विशिक्षकी शाळेंत दोन माणसें चार वर्ग सांभाळतात. शिवाय सरकारच्या 'सरल' व 'यू-डायस' या संगणकीय नोंदण्या, खिचडीचा हिशेब, निवडणुकीचें व गणनेचें काम. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळेंत आले म्हणजे नोंदवही मागतात, तिच्यांतले रकाने भरले आहेत कीं नाहींत तें पाहतात. पालक नोंदवही मागावयास येत नाहीं. तेव्हां शिक्षक जें लिहितो तें कोणासाठीं? ज्याच्यापुढें जाब द्यावा लागतो त्याच्यासाठीं. पत्त्यावर नांव पालकाचें आणि मजकूर साहेबासाठीं, असें हें पत्र आहे. आमच्या मतें सारा दोष येथें आहे.

ही खोड जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावर शाळांस अनुदान देण्याची पद्धत होती. इन्स्पेक्टर यावयाचा, मुलांस विचारावयाचा, आणि जितकीं मुलें उतरतील त्या मानानें शाळेस रक्कम मिळावयाची. मुलाला काय येतें याचा हिशेब शाळेनें सरकारला द्यावयाचा, घराला नव्हे, ही रीत तेव्हांपासून खात्याच्या हाडीं खिळली आहे. परकी सरकार जाऊन पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. प्रजेचें राज्य आलें. कायद्यानें पालकास माहितीचा अधिकारी ठरविलें. पण कागदाचा प्रवाह अजून वरच वाहतो आहे.

त्याच काळांत, १८८२ सालीं, जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेंत मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें, हिशेब, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य हे विषय असावेत अशी मागणी होती. या यादीकडे आमच्या विषयाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. यांतील बहुतेक विषय असे आहेत कीं, ते मुलास आले कीं नाहींत हें निरक्षर शेतकऱ्यासही घरीं बसून पारखतां येतें. आलेलें पत्र मुलानें वाचून दाखविलें, सावकाराच्या हिशेबांतली चूक काढली, कीं बापास प्रगतिपुस्तकाची गरज उरत नाहीं.

मुलास काय येतें हें घरास दाखविणें अवघड आहे, हा समज अगदीं चुकीचा आहे. 'प्रथम' या संस्थेच्या प्रेरणेनें २००५ पासून जी 'असर' नांवाची पाहणी होते, तींत स्वयंसेवक शाळेंत न जातां खेड्यांतील घरीं जातो, ओसरीवर बसतो व मुलापुढें एक कागद धरतो. त्यावर अक्षरें, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कोठपर्यंत वाचतें तें आई चुलीपासून उठून पाहते. तिला स्वतःला वाचतां येत नसलें तरी मूल अडखळलें हें तिला कळतें. त्या पाहणीप्रमाणें ग्रामीण भारतांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचूं शकणारीं पांचवींतील मुलें २०१८ मध्यें शेंकडा ५०.५, साथीनंतर २०२२ मध्यें ४२.८, आणि २०२४ मध्यें ४८.८ होतीं. म्हणजे देशांत पांचवीच्या वर्गांत बसलेल्या खेड्यांतल्या दर दोन मुलांपैकीं एकास तीन वर्षें मागचें पुस्तक वाचतां येत नाहीं. त्यांपैकीं किती घरांस ही गोष्ट शाळेनें सांगितली असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

आमच्या राज्यांतही चांगला धडा घालून दिलेला आहे. २०२२ पासून पहिलींत येणाऱ्या मुलांसाठीं 'पहिले पाऊल' या नांवानें शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. मैदानांत मेजें मांडलेलीं असतात. एका मेजावर मूल रंग ओळखतें, दुसऱ्यावर वस्तु मोजतें, तिसऱ्यावर चित्र पाहून गोष्ट सांगतें. आई शेजारीं उभी असते, आणि काय आलें, काय आलें नाहीं याचें विकासपत्र तिच्या हातीं पडतें. सुट्टींत घरीं काय करून घ्यावें हेंही तिला सांगतात. ही रीत सहा वर्षांच्या मुलासाठीं योग्य ठरते, तर सातव्या वर्षीं ती कां थांबावी? पहिलींत पाऊल पडतांच आईला मेजापासून दूर करून सहीच्या रकान्यापुरतें कां ठेवावें? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस, आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर, जें काम केलें, त्यांत मूल शाळेंत येत नसेल तर शाळाच पाड्यावरच्या अंगणांत जात असे. तेथें घरास निराळें कळवावयाचें फारसें कांहीं उरतच नसावें. सारें आईच्या डोळ्यांदेखत घडत होतें.

पालकच सभेस येत नाहींत, असें उत्तर शाळांकडून येतें. येत नाहींत हें खरें आहे. पण सभा केव्हां असते? कामाच्या वारीं, सकाळीं अकराला. मजुरी करणाऱ्या आईनें त्यासाठीं अर्ध्या दिवसाचा रोज बुडवावयाचा, आणि तेथें जाऊन काय ऐकावयाचें, तर गणवेश, वर्गणी व स्नेहसंमेलन. आणि आपल्या मुलाची पाळी आली कीं चार लोकांदेखत त्याची उणीव! एकदां खालीं मान घालून परतलेली बाई दुसऱ्यांदा कां येईल? बीडकडचीं ऊसतोड कुटुंबें दिवाळीच्या सुमारास घर सोडतात तीं हंगाम संपेपर्यंत परतत नाहींत. वर्षअखेरच्या सभेला तीं येणार कोठून? त्यांच्या मुलांसाठीं सरकारनें 'शिक्षण हमी पत्रक' काढलें, तें मात्र आम्हांस मनापासून पसंत आहे. मुलाला काय येतें हें लिहिलेला कागद आईबापांच्याच हातीं द्यावयाचा, म्हणजे कारखान्यावरच्या शाळेस तेथून पुढें शिकवितां येतें. तो किती ठिकाणीं खरोखर भरला जातो हा प्रश्न वेगळा. पण असा कागद घराच्या उपयोगाचा असतो.

शहरांतील सुशिक्षितांनीं यावरून आपणांस धन्य मानण्याचें कारण नाहीं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत 'ओपन हाऊस' नांवाचा प्रकार असतो. रांगेंत तासभर उभें राहावें, बाईंपुढें पांच मिनिटें बसावें, आणि इंग्रजींत छापलेला तक्ता घेऊन यावें. त्या तक्त्यावरची भाषा ज्या आजीच्या देखरेखीखालीं मूल दिवसभर असतें तिला कळत नाहीं, आणि ज्या बापाला कळते तो शेजाऱ्याच्या मुलाचा नंबर विचारण्यांत गुंतलेला असतो. घरीं गेल्यावर त्या कागदाच्या आधारें मुलाला मार बसत असेल तर असा कागद न आलेलाच बरा. बाजारांतले गृहस्थ मुलाच्या खासगी शिकवणीवर हजारों रुपये टाकतात, पण शाळेंतील गुरुजींचें नांव विचारलें तर घुटमळतात, हेंही येथें नमूद करून ठेवतों.

मग करावें काय? नवें पुस्तक छापावें असें आम्ही म्हणत नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यांत मुलानें स्वतःविषयीं, सोबत्यांनीं एकमेकांविषयीं सांगावयाचें आहे, आणि घराचाही त्यांत भाग असावयाचा आहे. कल्पना उत्तम, पण प्रत्येक चांगल्या कल्पनेबरोबर रकाने वाढतात, आणि रकाने वाढले कीं तयार वाक्यांच्या याद्याही वाढतात, हा २०१० नंतरचा अनुभव ताजा आहे. कागद लहान असावा. त्यावर चालू महिन्यांत मुलाला काय येऊं लागलें, काय अजून येत नाहीं, आणि पुढच्या महिन्यांत घरीं काय करावें, एवढीं तीन वाक्यें पुरेत; मात्र तीं त्या मुलाचीं असावीं. आणि आईनें सांगावयाचें जें असेल, रात्रीं मूल डोळे चोळतें, दोन मैल चालून दमतें, वर्गांत कोणी चिडवितें, तें लिहिण्यास सहीपेक्षां मोठी जागा असावी. तिला लिहितां येत नसेल तर गुरुजींनीं विचारून लिहावें. मेळघाटांत घरीं कोरकू बोलतात, गडचिरोलीकडे गोंडी किंवा माडिया. तेथें मराठी कागदापेक्षां गांवांतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीनें चार शब्द सांगितलेले अधिक उपयोगी.

याचा भार शिक्षकावर पडणार, हें आम्ही विसरलेलों नाहीं. म्हणून याच्या मोबदल्यांत खात्यानें त्याचा दुसरा कांहीं भार उतरविला पाहिजे. नोंदवहींतील जीं पानें घरापर्यंत कधींच जात नाहींत त्यांपासून आरंभ करावा. त्यांचा वियोग कोणास जाणवेल असें वाटत नाहीं.

आणि यासाठीं सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें बहुतेक सर्व सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्म्या स्त्रिया, असें बंधन आहे. सभेची वेळ दिवेलागणीनंतरची किंवा बाजार बंद असतो त्या वारची ठरविण्यास या समितीला कोण अडवितो? दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं एक व संक्रांतीनंतर एक अशा दोन सभा तरी तिनें घ्याव्या. भाषणें नकोत. प्रत्येक मुलानें आपल्या आईजवळ बसून एक पान वाचावें, एक हिशेब करावा, गुरुजींनीं पांच मिनिटें तिच्याशीं बोलावें. पांचवीच्या मुलांची पाळी आधीं लावावी, कारण १ मे रोजीं धोका त्यांना आहे, आणि संक्रांतीनंतर सुधारणेस अजून तीन महिने हातीं असतात.

खात्याच्या अधिकाऱ्यांसही आमची एक सूचना आहे. केंद्रप्रमुखांनीं शाळेंत शिरून नोंदवही मागण्यापूर्वीं वाटेवरच्या चार घरीं थांबावें, आणि तेथील आईला विचारावें कीं, तुमच्या मुलाला सध्यां काय येत नाहीं. चार आयांनीं काय उत्तर दिलें तेंच त्या दिवशींच्या भेटीच्या अहवालांत पहिल्या ओळींत लिहावें.